माझ्या हाताने लिहिलेली यादी

डाळमिलमध्ये मी फिटर होतो. ड्युटी सुटली की वस्तीत भाऊ. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला, रुळांपलीकडे आमची वस्ती होती. तिथली पोरं सट्ट्याच्या चिठ्ठ्या घ्यायची, व्हिडिओ सेंटरच्या दारात हाणामाऱ्या करायची. मी त्यांना विहाराच्या पटांगणात गोळा करायला लागलो. आधी व्यायाम, मग अर्ज लिहिणं. गटारासाठी, नळासाठी, दिव्यासाठी आम्ही नगरपालिकेत इतक्या खेपा घातल्या की शिपाई आम्हाला बघूनच बाक सरकवायचा. वर्षभरात पोरं माणसांत आली. वस्तीत नळ आला तेव्हा चारी त्यांनीच खोदली.

त्यामुळे मला पोलीस ठाण्यातून शांतता समितीवर घेतलं. मला त्याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही. इस्त्रीचा सदरा घालून मी बैठकीला जायचो. जयंतीच्या मिरवणुकीआधी साहेब म्हणाले, "भाऊ, तुमच्या हाताखालच्या पोरांची नावं द्या. त्यांना स्वयंसेवक करू, दंडाला पट्ट्या देऊ."

मी घरी बसून यादी केली. अकरा नावं. बापाचं नाव, घराची खूण, सगळं. नुसती नावं देऊन पोरांचं कौतुक कसं कळणार, म्हणून प्रत्येकापुढे एक ओळ लिहिली. 'पूर्वी मारामारी करत असे, आता सुधारला.' 'पूर्वी सट्टा, आता नाद सोडला.' खाली सही केली. त्या वर्षी पोरांनी पट्ट्या बांधून दोरी धरली आणि मिरवणूक सुरळीत पार पडली.

पुढच्या वर्षी साहेब बदलले. शहराच्या दुसऱ्या टोकाला दगडफेक झाली. तिचा आमच्याशी काहीच संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत पोलिसांची गाडी आली आणि पोरांना घरातून नावानिशी उचलून नेलं. कोणी दात घासत होतं, कोणी चहा पीत होतं. मी धावत ठाण्यात गेलो. नवे साहेब म्हणाले, "प्रतिबंधक कारवाई आहे. चार दिवसांत सुटतील. तुम्ही समितीचे, तुम्ही तरी समजून घ्या." पोरं सुटली, पण प्रत्येकावर चॅप्टर केस होऊन ठाण्यात कायमची नोंद झाली. एवढी नेमकी नावं यांना मिळाली कुठून, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्यातला एक पोरगा माझा लाडका होता. बाप नव्हता, आई भांडी घासायची. ड्रायव्हिंगचं लायसन मीच त्याला काढायला लावलं होतं. धुळ्याला एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती, पण हजर व्हायचं पत्र येईना. म्हणून आम्ही दोघं बसने धुळ्याला गेलो. कारकून भला माणूस होता. त्याने फाईल काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "चारित्र्य पडताळणीत अडकलंय. तुम्हीच बघा."

पोलिसांच्या अहवालात लिहिलं होतं की परिसरातल्या प्रतिष्ठित नागरिकानेच तशी लेखी माहिती दिली आहे. मागे झेरॉक्स लावली होती. माझी यादी. पोराच्या नावापुढच्या ओळीतल्या 'पूर्वी मारामारी करत असे' एवढ्याच शब्दांखाली लाल रेघ होती.

त्याने ते वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, हाई तुमनंच अक्षर शे."

मी कारकुनाला सांगायला लागलो की हे मी चांगल्यासाठी लिहिलं होतं, पुढचं वाचा, सुधारला असं लिहिलंय. तो ऐकून घेत होता. पोराने माझ्या बाहीला धरलं. "चला भाऊ, गाडी निंघी जाई."

जळगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

मी समितीचा राजीनामा दिला. यादी मागे घेतो म्हणून तीन अर्ज केले. कागद एकदा फाईलला लागला की निघत नाही, असं मला सांगण्यात आलं. पोरांना पटांगणात बोलावून मी सगळं स्वतः सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी व्यायामाला चौघं आली, नंतर एकही नाही. काही परत त्या व्हिडिओ सेंटरच्या दारात दिसू लागली. त्यांना हटकायची मला हिंमत होईना. पोराच्या आईकडे गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्हीन चांगलंच म्हनीसन लिखं व्हई." त्यापेक्षा तिने दारातून हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

तो रावेरला केळीच्या ट्रकवर लागला. काही वर्षांनी मी मिलच्या कामासाठी रावेरला गेलो होतो, तेव्हा तिथे भेटला. केळी भरणं चालू होतं. त्याने मला चहा पाजला, गुडघेदुखीची चौकशी केली. लग्न झालं होतं, मुलगी होती. मी विचारलं, "वस्तीत का येत नाहीस?"

"सण आला का मना नावनी गाडी येस, भाऊ," तो म्हणाला. मग सांगितलं की सासरी त्याने आपण बोदवडचे असं सांगितलंय. आमच्या वस्तीचं नाव बायकोलाही माहीत नाही. आईला त्याने रावेरलाच आणून ठेवलं होतं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्या रागाचीच वाट बघत बसलो होतो. ट्रक भरून झाला, क्लीनरने हाक मारली, तसा तो पेला ठेवून उठला.