शहात्तरवर अडलेला आकडा

पालघरजवळच्या माहीमच्या चुरी कुटुंबात दमयंती सून म्हणून आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली एक सोल्डरिंग आयर्न होतं. सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, ते उलटंपालटं करून पाहिलं. "कशाला लागतं हे?"

"डाग द्यायला," दमयंती म्हणाली.

"डाग द्यायला तांबट येतो की दारात. सुनेनं कशाला शिकायचं?"

दमयंतीने आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता. वर्गात मुली दोनच, आणि दुसरी अर्ध्यातून सोडून गेली. नवरा नरहरी वाडीत पानवेली आणि केळी बघायचा. स्वभावाने गरीब, पण एक गोष्ट त्याने आईला पहिल्याच महिन्यात सांगून टाकली: "तिला जे येतं ते तिला करू दे." म्हणून शहाऐंशी साली दमयंती बोईसरला कामाला लागली. सकाळी एसटीने पालघर, तिथून शटल गाडी, आणि पुढे एमआयडीसीपर्यंत चालत.

कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड आणि अठरा माणसं. कापड रंगवणाऱ्या गिरण्यांसाठी तिथे तापमानाचे कंट्रोलर बनत. मोठ्या बंद भांड्यात सुताचे बॉबिन उकळत्या रंगात शिजतात. वाफ कधी सोडायची, कधी तोडायची हे कंट्रोलरने ठरवायचं आणि आतलं तापमान लाल आकड्यांत दाखवायचं. दमयंतीचं काम म्हणजे सुटे भाग बोर्डावर बसवायचे, डाग द्यायचा, मग बोर्ड तपासणीच्या टेबलावर चालवून बघायचा आणि चिठ्ठीवर "ओके" लिहून सही करायची. तिच्या हाताचा डाग कधी सुटला नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे.

अठ्ठ्याऐंशीत यतीन कर्णिक आला. मुलुंडचा, तेवीस वर्षांचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. जुन्या कंट्रोलरमध्ये नुसते रिले आणि तारा होत्या. कर्णिकने त्यांच्या जागी एक चिप आणली. चिपच्या पाठीवर काचेची बारीकशी खिडकी होती.

"हा कॉम्प्युटरच आहे, चुरीबाई," पहिल्या दिवशी डबा खाताना तो म्हणाला. "कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर ठेवलेलाच असतो असं नाही. हा मशीनच्या पोटात बसलेला. याला आयुष्यभर एकच काम."

"आणि ही खिडकी?"

"आत लिहिलेला प्रोग्रॅम पुसायचा असेल तर त्यातून विशिष्ट दिव्याचा उजेड सोडायचा. नको असेल तेव्हा वर स्टिकर लावून ठेवायचा. उन्हात राहिली तर हळूहळू सगळं विसरून जाते ती."

असं कोणी तिला समजावून सांगितलं नव्हतं. आधीचे इंजिनिअर "हे इथे बसवा" एवढंच म्हणायचे. कर्णिक विचारलं की उत्तर द्यायचा, आणि माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचा. दुपारी डब्यातलं माशाचं भुजणं ती अर्धं त्याच्या झाकणात वाढायची आणि तो बोलत सुटायचा. त्याचे वर्गमित्र मुंबईत बँकांचे प्रोग्रॅम लिहीत होते, एक अमेरिकेला गेला होता.

"इथे राहून मी पाच वर्षांनी कुठे असेन? या शेडमध्येच. हार्डवेअरला आपल्याकडे भविष्य नाही, चुरीबाई."

"मग आमचं?" तिने सहज विचारलं.

कर्णिकचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "तुम्ही डिप्लोमा करा. संध्याकाळचा." संध्याकाळचा डिप्लोमा सगळ्यात जवळ कुठे होता आणि तिथून माहीमची शेवटची एसटी मिळते का, हे त्याला माहीत नव्हतं. ती मिळत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने विषय वाढवला नाही.

नवीन बोर्ड जायला लागले आणि तिसऱ्याच आठवड्यात दमयंतीला खोट दिसली. तपासणीच्या टेबलावर कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा मोठा खटका, खट्कन ओढला गेला, आणि बोर्डावरचा आकडा त्रेपन्नवर थांबला. बोर्ड गरम पाण्यात ठेवलेल्या तारेचं तापमान दाखवत होता. तिने पाण्यात बर्फ टाकला. आकडा त्रेपन्नच. वीज बंद करून पुन्हा चालू केली, की सगळं सुरळीत. असं दोन महिन्यांत चारदा झालं.

कर्णिकने ऐकून घेतलं. स्वतः दोन दिवस टेबलापाशी बसला, तेव्हा एकदाही झालं नाही. पण त्याने तिच्यावर अविश्वास दाखवला नाही. "विजेचा झटका बसतो आणि प्रोग्रॅम वाट चुकतो," तो म्हणाला. "आकडा मात्र शेवटचा होता तोच पेटत राहतो. यावर एक पहारेकरी चिप बसवतात. मुख्य चिपने तिला सारखी खूण देत राहायची. खूण थांबली की पहारेकरी सगळं बंद करून पुन्हा चालू करतो."

"मग बसवू या."

"बोर्ड नव्याने काढावा लागेल. शेठ म्हणतात, ऑर्डरी संपू देत. पुढच्या वेळी नक्की घालू."

पुढची वेळ आली नाही. एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर कर्णिकला अमेरिकेचं पत्र आलं. निघताना त्याने दमयंतीला प्रोग्रॅमची फ्लॉपी दाखवली, कपाटात ठेवली, आणि पहारेकऱ्याचं पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलंय असं सांगितलं. पुढचा माणूस आठ महिन्यांनी आला. तोवर खाऱ्या हवेने फ्लॉपीवर बुरशी धरली होती. ती वाचली गेली नाही. चिपमधून नुसते आकडे निघत, त्यांचा अर्थ लावायला त्याला वेळ नव्हता. तो गेला, दुसरा आला, तोही गेला.

पण चिपची नक्कल काढायला इंजिनिअर लागत नव्हता. एका चिपमधलं जसंच्या तसं दुसरीत उतरवायचं यंत्र होतं, आणि ते दमयंतीच चालवायची. खिडकीवर स्टिकर लावायची, बोर्डात बसवायची, तपासायची, सही करायची. प्रत्येक नकलेबरोबर ती खोटही पुढे जात होती. ती प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगायची. ते मान हलवायचे. दोनशे अकरा बोर्ड गेले.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये बोईसरच्याच एका रंगाईच्या गिरणीत रंगाच्या भांड्याचं झाकण उघडताना कामगार भाजला. झिपरू नावाचा, मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा. तीन वाजता पाळी बदलली. झिपरू आत आला, कंट्रोलरवर शहात्तर बघितलं. ऐंशीच्या खाली आलं की झाकण उघडायचं, असं त्याला शिकवलेलं. त्याने उघडलं. आत पाणी उकळीच्या कितीतरी वर होतं. आकडा तापमान चढत असतानाच शहात्तरवर अडला होता आणि वाफ तशीच सुटत राहिली होती. भांड्यावरचा दाबाचा काटा कधीचाच मोडून पडला होता.

शेठने तो बोर्ड परत आणवला. मागच्या चिठ्ठीवर दमयंतीचीच सही होती.

"शेठ, हा अडकतो. मी पाहिलंय," ती म्हणाली.

"मग आत्ता अडकवून दाखवा." शेठ रागावले नव्हते, घाबरले होते. "चौकशीवाले येणार. त्यांना दाखवता आलं पाहिजे ना?"

दमयंती दोन दिवस टेबलावरून उठली नाही. कॉन्टॅक्टर चारशे वेळा ओढला. पाणी उकळवलं, गार केलं, शेजारी वेल्डिंग चालू करायला लावलं. आकडा पाण्याबरोबर वर गेला, पाण्याबरोबर खाली आला. एकदाही अडला नाही. तिसऱ्या दिवशी चौकशीचे अधिकारी आले, शेठने कागद पुढे सरकवला, आणि तिने जे दिसलं तेच लिहिलं: दोन दिवस तपासला, ओके. खाली सही केली. गिरणीने ठरवलं की कामगार अडाणी होता, त्याला आकडा वाचता आला नसणार.

रविवारी ती नरहरीला घेऊन पाड्यावर गेली. झिपरूची बायको ठमी हिने तांब्याभर पाणी दिलं आणि अंगणात घोंगडी टाकली. झिपरू भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, गळ्याची कातडी पिकलेली.

"तुमी त्या मिलच्या काय?" ठमीने विचारलं.

"नाही. तो आकडे दाखवणारा डबा असतो ना, तो मी बनवते."

झिपरूने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "शाहात्तर व्हता," तो म्हणाला. "सात आन सहा. मी चौथीपरेंत शाळेत गेलोय. ते सांगतात, झिपरूला आकडे येत नाय. मला येतात."

"तुम्ही बरोबर वाचलंत," दमयंती म्हणाली. "शहात्तरच होता. डबा चुकला."

ठमी लगेच म्हणाली, "मंग तसा लिवून दे, बाय."

नरहरीने दमयंतीकडे बघितलं. ठमीने पाड्यावरच्या कुणा पोराची वही आणवली आणि दमयंतीने मांडीवर ठेवून लिहिलं: हा कंट्रोलर मधूनमधून अडकतो, मी स्वतः पाहिलं आहे, झिपरू यांनी आकडा बरोबर वाचला. नाव, पत्ता, सही.

ठमीने तो कागद पदराला बांधून आधी गिरणीचं फाटक गाठलं. तिथून तिला हाकललं. मग ती विचारत विचारत चौकशीच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचली. आठवड्याने अधिकारी पुन्हा शेडमध्ये आले. टेबलावर त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे एकच अक्षर, एकच सही.

"बाई, एकदा तुम्ही ओके लिहिता, एकदा अडकतो लिहिता," ते म्हणाले. "मी कोणतं धरू?"

"दोन्ही खरंच आहे, साहेब. तपासलं तेव्हा चालला. पण आधी अडकलेला मी चारदा पाहिलाय."

"त्या चारदाची नोंद?"

नोंद नव्हती. तेव्हा ती कर्णिकला तोंडीच सांगत असे. ज्याच्यापाशी सांगितलं तो सातासमुद्रापार, त्याने लिहून ठेवलेलं कुठे होतं कुणाला सापडत नव्हतं. शेवटी तिच्या दोन कागदांनी एकमेकांना खाल्लं, आणि गिरणीचं म्हणणं तेवढं कागदावर उरलं. शेठने तिला काढलं नाही. तिच्यासारखा डाग देणारं दुसरं कोणी नव्हतं. तपासणीच्या टेबलावरून मात्र उठवलं. तिने कर्णिकला पत्र टाकलं. चार महिन्यांनी ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं.

कर्णिक भेटला तो शहाण्णवच्या डिसेंबरात. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो केळव्याला दोन दिवस आला होता आणि विचारत विचारत माहीमला चुऱ्यांच्या वाडीत पोचला. केस विरळ झाले होते, चष्मा नवा होता. तो मोटारींच्या ब्रेकमधल्या चिपांवर काम करत होता, त्याच्या हाताखाली अकरा माणसं होती. नरहरीने शहाळी काढली. मुलगी विहिरीपाशी रमली.

"तुमचं भुजणं मी तिकडे सगळ्यांना सांगतो," कर्णिक म्हणाला. "आणि तुमचा तो अडकणारा बोर्डसुद्धा. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो, की टेबलावरची बाई सांगेल ते ऐका."

तेव्हा दमयंतीने त्याला झिपरूचं सांगितलं. सगळं सांगितलं, दोन कागदांसकट. कर्णिकने शहाळं खाली ठेवलं.

"मी लिहून ठेवलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "निदान मला वाटतंय, की लिहिलं होतं."

"साहेब, शेठ अजून आहेत. ते बोर्ड अजून गिरण्यांत चालतायत, काही भिवंडीला विकले गेले, काही सुरतेला. तुम्ही येऊन सांगितलंत तर ते ऐकतील. मी सांगते तेव्हा ते माझे दोन कागद काढतात."

कर्णिकने बायकोकडे बघितलं. गुरुवारचं विमान होतं, मध्ये नाशिकला सासुरवाडी. "मी तिकडून पत्र पाठवतो. कंपनीच्या कागदावर. त्याचं वजन जास्त पडेल," तो म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता, हे तिला दिसत होतं. मग त्याने विचारलं, "झिपरू कुठे असतो? भेटता येईल?"

"हंगामात वीटभट्टीवर जातात दोघं. ठमी विटा थापते. त्याची बोटं मिटत नाहीत, तो नुसता बरोबर जातो. यंदा कुठल्या भट्टीवर आहेत, ते पाड्यावरही कुणाला ठाऊक नाही. मी दिवाळीनंतर जाऊन आले."

कर्णिकने तिचा पत्ता डायरीत लिहून घेतला, पिनकोडसकट. जाताना तो आनंदीबाईंच्या पाया पडला.

जानेवारीत अमेरिकेहून पाकीट आलं. दमयंतीने ते ओसरीवर बसून हलक्या हाताने उघडलं. आत नव्या वर्षाचं कार्ड होतं, मुलीचा फोटो, आणि खाली कर्णिकच्या अक्षरात, की कंपनीचे वकील असं पत्र द्यायला नको म्हणतात, पण तो प्रयत्न सोडणार नाही. नरहरीने वाचून दाखव म्हटलं, तिने वाचून दाखवलं. तो वाडीत पाणी सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या एसटीने कामावर गेली. अठ्ठ्याण्णवला शेठने शेड विकली. दोनशे अकरांपैकी कुठला बोर्ड कधी बंद पडला आणि कुठला अजून चालू आहे, हे विचारायला त्यानंतर कोणी राहिलं नाही.