ओवीने झोका मागितला

आज दुपारी आमच्या टिटवाळ्याच्या घरी जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची ओवी अडीच वर्षांची आहे, पण अजून एक शब्दही बोलत नाही. कल्याणच्या थेरपिस्ट ताईंनी सांगितलंय, "तिला आवडतं ते मध्येच थांबवा आणि ती मागेपर्यंत वाट बघा."

म्हणून आज साडीच्या झोळीत तिला झोका देता देता मी हात थांबवला.

साडीतून निळा उजेड तिच्या गालांवर पडलेला, जणू ती पाण्याखाली निजली होती.

"अगं, दे ना झोका! ग्रॅज्युएट झालीस ती लेकराला छळायला?" आई चिडली. माझाही हात शिवशिवत होता.

तेवढ्यात ओवीने साडी बाजूला सारली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "दे."

मी झोका दिला. सगळी दुपार तिच्याबरोबर तरंगत होती. झोळी थांबली तशी मी पुन्हा हात पुढे केला, तर आईनेच तो धरला. "थांब गं. मागू दे तिला."

तुमच्या घरी मुलाने मागायच्या आधीच कोण धावतं?