जोडीचं लुगडं

आमच्या घरच्या दोघी जावांचं पटत नाही, अशी आमच्या गल्लीची समजूत होती. ती गल्लीनं आपणहून करून घेतली आणि आमच्या घरानं खतपाणी घालून वाढवली. ती खोटी होती हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून सांगते.

लातूर तेव्हा मोगलाईत होतं. निजामाचा अंमल शेवटच्या घटका मोजत होता, पण ते आम्हांला काय ठाऊक! लढाई कुठं तरी साता समुद्रांपलीकडं चालली होती. तिचा आणि आमच्या चुलीचा संबंध काय, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. पण आधी साखर गेली, मग घासलेट गेलं, मग काड्याची पेटी गेली. शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणायचा, गुळाचा चहा प्यायचा, दिवेलागणीलाच जेवून घ्यायचं. एवढं सगळं माणसं हसून नेत होती. सुई-दोऱ्याचेसुद्धा भाव चढले तेव्हा हसणं कमी झालं. आणि कापड गेलं तेव्हा बंदच झालं. पोट रिकामं असलं तरी माणूस दारात येऊन उभं राहू शकतं. अंगावर धड कापड नसलं, की दार लावून घ्यावं लागतं.

वडील मदरशात मास्तर होते. सरकारी शाळेला तेव्हा मदरसाच म्हणत. मोठे काका आडतीच्या दुकानात कामाला. घरात बायका दोन, माझी आई आणि काकांची बायको, मोठी आई. मोठ्या आईला मूल नव्हतं, त्यामुळं मी दोघींची होते. मार मात्र एकीचाच खाल्ला, आईचा.

कापड कंट्रोलवर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. काका तांबडं फुटायच्या आत दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. त्यांची पाळी यायच्या सुमाराला आतला माणूस फळी ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘‘कपडा खतम. कल आव.’’ तो ‘कल’ कधी उजाडला नाही. एकदा काय ते मांजरपाट मिळालं. त्याचा वडिलांचा पायजमा झाला, कारण मास्तर फाटका दिसून चालत नव्हतं. माझा परकर जुन्या गादीची खोळ उसवून शिवला होता. पोरी मला ‘गादी’ म्हणायच्या. त्यातल्या एकीचं मी डोकं भिंतीवर आपटलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

लुगडी घरात तीन होती. त्यातली दोन दंडाची. दंडाचं म्हणजे लुगड्याचा विरलेला मधला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे चांगले तुकडे जोडून शिवायचे. असं एकदा केलं तर चालतं. आमच्या घरची दंड घालघालून इतकी अपुरी झाली होती, की कासोटा घातला तर पदर उरत नसे आणि पदर घेतला तर पोटऱ्या उघड्या पडत. वर ती इतकी विरली होती, की उजेडात त्यातून आरपार दिसायचं. ती नेसून दोघी घरात वावरायच्या आणि मागच्या आडावर पाणी भरायच्या. त्यापलीकडं नाही.

तिसरं लुगडं चांगलं होतं. हिरवं, लाल काठाचं इरकली. मोठ्या आईच्या भावानं कापड नाहीसं व्हायच्या आधीच्या भाऊबीजेला आणलेलं. हे मामा बार्शीला राहायचे, म्हणजे इंग्रजी मुलखात, आणि तिकडं सगळं मिळतं असा आमचा एक भाबडा समज होता. लुगडं मधल्या खोलीत खुंटीवर असे. जिला बाहेर जायचं, ती ते नेसायची. दुसरी घरात.

मोठ्या आईनं त्याला कधी ‘माझं’ म्हटलं नाही. आई संकोचली की म्हणायची, ‘‘नेस गं. लुगडं घराचं हाय, मी काय त्येच्यावर नाव कोरलंय?’’

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मजा व्हायची. मोठी आई आधी जाऊन यायची, आल्या आल्या लुगडं सोडायची, आणि आई ते तसंच ऊन ऊन नेसून पळायची. समोरच्या घरात एक म्हातारी होती. नजर घारीची आणि जीभ त्याहून लांब. तिनं एकदा आईचा पदर चिमटीत धरला.

‘‘अगं, हे तर तुझ्या जावेचं लुगडं!’’

आईनं पदर सोडवून घेतला. घरी येऊन ती रडायलाच लागली. मोठ्या आईनं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून ओसरीवर तांदूळ निवडायला बसली आणि समोरून म्हातारी दिसताच हाक मारून म्हणाली, ‘‘मावशी, आमच्या भावानं जोडी आणली बरं का. एकसारखी दोन. म्हणला, तुझी जाऊ ती माझी बहीणच.’’

म्हातारीनं मामांना तोंड भरून आशीर्वाद दिले. मग डोळे बारीक करून विचारलं, ‘‘एवढी जोडी हाय, मग जोडीनं का येत न्हाई कुठं? थोरली येती तवा धाकटी न्हाई, धाकटी येती तवा थोरली न्हाई.’’

मोठ्या आईनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाली, ‘‘काय सांगू मावशी. घरोघरी मातीच्या चुली.’’

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की दोघी जावा एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आई घाबरली. मोठी आई म्हणाली, ‘‘म्हणू दे. भांडतात म्हणलं तर अब्रू जात न्हाई. नेसायला न्हाई म्हणलं तर जाती.’’

पुढं पुढं तिला त्यात गोडीच वाटायला लागली. म्हातारी ओसरीवर दिसली, की ही आतून मोठ्यानं ओरडायची, ‘‘एवढं मीठ घालतात व्हय भाजीत? आईनं काही शिकवलं का न्हाई?’’ आई तोंडात पदर कोंबून हसायची आणि ढकलून ढकलून तिला आणखी ओरडायला लावायची. भाजीत मीठ घालणारी स्वतः मोठी आईच असे. त्या दिवसांतलं हसणं म्हणून मला तेवढंच आठवतं.

पावसाळ्यात मोठी आई हिवतापानं पडली. एक दिवसाआड थंडी वाजून यायची, आणि घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण घातलं तरी खाट हलायची. औषध एकच, कोयनेल, आणि तेही लढाईनं नेलं होतं. काका गावभर हिंडले. दवाखान्यात नाही म्हणाले, दुकानात हसले. हकिमानं काढा दिला. काढा कडू होता, एवढाच त्याचा गुण. ती वाळत गेली, आणि आम्ही बघत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं असतं तर केलं असतं. काही नव्हतंच.

एका दुपारी तिनं आईला जवळ बोलावलं. मी पायथ्याशी होते.

‘‘भाऊबीजेला भाऊ लुगडं आणणार हाय, निरोप आलाय त्याचा. ते माझं. हे हिरवं तुझं.’’

‘‘बरं, अक्का.’’

‘‘आणि त्येच्या आधी माझं काही झालं, तर हे माझ्या अंगावर घालू नको. दंडाचं घाल. जाळायला दंडाचंच बरं.’’

‘‘अभद्र बोलू नका, अक्का.’’

‘‘अभद्र न्हाई, हिशेबाचं बोलते. तू काय नेसशील?’’

आई उठून चुलीकडं गेली. फुंकणीनं फुंकत राहिली. चूल तर पेटलेलीच होती.

लक्षण ठीक दिसेना तेव्हा छोट्या रेल्वेगाडीनं बार्शीला माणूस पाठवला. मामा येईपर्यंत तिला धीर धरवला नाही. ती सकाळी गेली. माणसं जमली, तिला ओसरीवर ठेवलं, आणि बायका म्हणायला लागल्या, ‘भाग्याची गं, सवाष्ण गेली.’ भाग्य! मला तेव्हा कळत नव्हतं तरी संताप आला होता.

सवाष्ण गेली म्हणजे तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. म्हणून सगळे मामांसाठी थांबले. आई मधल्या खोलीत होती, दंडाच्या लुगड्यात. भरल्या अंगणात तशी कशी येणार? टांगा वाजला तेव्हा तिला वाटलं, आलं माहेरचं लुगडं. तिनं खुंटीवरचं हिरवं काढलं, भराभरा नेसली, पदर डोक्यावर घेतला आणि दाराची कडी काढायला हात घातला. फटीतून तिनं बाहेर पाहिलं आणि हात तिथंच राहिला.

मामांच्या हातात नारळ होता आणि चोळीचा एक खण. बस, एवढंच. मामा खांबाला धरून उभे होते. म्हणत होते, ‘‘साऱ्या बार्शीत हिंडलो. दिवाळीचं सांगून ठेवलं होतं, दुकानदार म्हणला, अजून आलं न्हाई.’’

समोरची म्हातारी म्हणाली, ‘‘मागं जोडीनं दोन आणली होती म्हणं, आज एक जमलं न्हाई?’’

मामांनी तिच्याकडं बघितलं. कसली जोडी, त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

‘‘मग दंडाच्या लुगड्यात नेता व्हय सवाष्ण?’’ म्हातारी काकांना म्हणाली. ‘‘तिचं स्वतःचं हिरवं हाय की. ते तरी आणा.’’

काकांनी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी कुणाकडंच पाहिलं नाही.

आत आईनं पदर खाली घेतला. निऱ्या सोडल्या. लुगडं फेडून पुन्हा दंडाचं गुंडाळलं, हिरव्याची चार पदरी घडी केली, वरून हात फिरवला आणि माझ्या हातात दिलं. ‘‘नेऊन दे. म्हणावं, खुंटीवरचं आणलंय.’’

मी म्हटलं, ‘‘मोठी आई नको म्हणाली होती.’’

‘‘तिचं काय ऐकतीस,’’ आई म्हणाली, ‘‘जा.’’

बायकांनी तिला ते नेसवलं, मळवट भरला. मग ओटी भरायची वेळ आली. पहिली ओटी घरच्या सवाष्णीची. ‘‘धाकटीला बोलवा,’’ कुणी तरी म्हणालं. हाक गेली. आई आली नाही. पुन्हा हाक गेली. म्हातारी दारापाशी येऊन म्हणाली, ‘‘अगं, आता तरी विसर की गं! मेलेल्या माणसाशी कसलं वैर?’’

मी आत पळत आले होते. आई दाराआड भिंतीला चिकटून उभी होती, आणि तोंडात पदराचा बोळा होता. रडण्याचा आवाज गेला असता तर बायका समजूत घालायला आत आल्या असत्या. पहिली ओटी म्हातारीनं भरली.

उचलून नेलं तेव्हा आईनं फटीला डोळा लावला. मला म्हणाली, ‘‘मला एवढंच दिसतंय गं. पाय झाकलेत का तिचे?’’

‘‘झाकलेत.’’

‘‘काठ नीट आलाय?’’

‘‘आलाय.’’

तो काठ कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. मोठी आई गेली आणि तिच्याबरोबर आमच्या घराचं दारही गेलं, कारण त्यानंतर आईला दारात यायला काही उरलं नव्हतं. दिवाळी आली. मामा आले नाहीत. बहीणच नाही तर भाऊबीज कुणाची? होळी झाली तरी आई घराबाहेर पडली नाही. गल्लीनं त्याचाही अर्थ लावला, की तोंड दाखवायची लाज वाटते.

एकदा म्हातारी मला ओसरीवर गाठून म्हणाली, ‘‘पोरी, तुझी आई लई दगडी काळजाची गं. घरात तसलंच लुगडं घडी घालून ठेवलंय, पण जावेला निरोप द्यायला उंबऱ्यापर्यंत आली न्हाई.’’

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणाले, ‘‘तसलं लुगडं...’’

‘‘गप!’’ आतून आईचा आवाज आला. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ‘‘आत ये. गप बस.’’

म्हातारी मान हलवत गेली. आत गेल्यावर मला वाटलं, आता मार बसणार. पण आई चुलीपुढं बसून म्हणाली, ‘‘अक्का काय म्हणायची, आठवतं का? भांडतात म्हणलं तर अब्रू जात न्हाई.’’

पुढं कधी तरी कंट्रोलचं एक जाडंभरडं लुगडं मिळालं, आणि आई ते नेसून हळदीकुंकवाला गेली. बायकांनी सरकून जागा दिली, जरा जास्तच जागा दिली. ती लवकर परत आली आणि नंतर फारशी कुठं गेली नाही. निजाम गेला, कंट्रोल उठलं, दुकानांतून कापडाचे ढीग लागले. त्यातलं काहीही त्या गोष्टीला लागू पडलं नाही.

आई नांदेडला, माझ्या घरी वारली. त्या म्हातारीची सून, तीही आता म्हातारी, लातूरहून भेटायला आली. माझ्या सुनांसमोर बसून म्हणाली, ‘‘बाकी लई चांगली होती तुमची आजी. फक्त जावेशी वाकडं होतं.’’

मी तोंड उघडलं, आणि ते ‘गप’ कानात आलं. मी उठून चहा ठेवायला गेले.

तीही बाई पुढं वारली. आता सांगते आहे, तर ऐकायला त्या गल्लीतलं कुणी नाही.