तिच्या तोंडचा रस्ता

सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला बडबडायची सवय कुठून असणार? तिथली यंत्रं अशी धडधडायची की शेजारणीला काही सांगायचं तर हातवारेच करावे लागत. घरीही ती मोजकंच बोले. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तेव्हा मुलीला मोठं नवल वाटलं. "आईला आत्ता कुठे कंठ फुटलाय," असं ती हसत सगळ्यांना सांगायची. सांगू दे बापडी. खरं काय ते नवराबायकोलाच ठाऊक होतं, आणि त्या दोघांनीही ते एकमेकांजवळ कधी उच्चारलं नव्हतं.

खरं असं होतं की नवऱ्याला समोरचं दिसत नव्हतं. नवरा सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. डॉक्टरांनी दोघांना शेजारी शेजारी बसवून सांगितलं होतं, डोळ्यांत मधोमध डाग पडलाय, कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून बघाल नेमकं तेच दिसणार नाही. गाडी आजपासून बंद. मिस्त्रींनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, बाहेर आले, खिशातून किल्ली काढली आणि गाडी सुरू केली. ती शेजारी बसली. पहिल्याच चौकात ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "इथला लाल दिवा किती भडक आहे हो!" गाडी थांबली.

तेव्हापासून ही रीत पडली. ती बोलायची आणि ते चालवायचे. हुकूम मात्र द्यायचा नाही. एकदा ती घाबरून "ब्रेक मारा" म्हणाली, तर मिस्त्री गाडी रस्त्याकडेला लावून उतरले आणि दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर ती शिकली. "अगंबाई, केवढा ट्रक येतोय समोरून," "ती पोरं बघा कशी रस्ता ओलांडतायत," "काय सुरेख वळण आहे हे डावीकडचं." ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारीला पहिल्यांदाच कुणीतरी फिरायला नेलंय. ती मात्र डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची.

तिला स्वतःला चालवता येत नव्हतं. तरुणपणी एकदा शिकायला बसली होती, फाटकाचा खांब पाडला, आणि मिस्त्री इतके हसले की तिने पुन्हा नाव काढलं नाही. त्या हसण्याचा तिला अजून राग होता. मुलीला सगळं सांगून टाकावं असंही शंभरदा मनात आलं. पण सांगितलं की किल्ली गेली, आणि किल्ली गेली की कॅरव्हॅन गेली. कॅरव्हॅन म्हणजे जुनी मिनीबस. मिस्त्रींनी आतली बाकडी उपटून तिथे पलंग, ओटा, कपाटं स्वतःच्या हाताने बसवली होती. दर उन्हाळ्यात ती घेऊन दोघं डोंगरावरच्या कॅम्पात जात. तिथली दारं, बाकं, पायऱ्या मिस्त्री दुरुस्त करत आणि बदल्यात झाडाखालची एक जागा चार महिने त्यांची असे. खाली शहरात खुर्चीवर बसून राहिलेला नवरा आणि वर रंधा मारणारा नवरा, यांतला दुसराच माणूस तिला हवा होता. हा तिचा स्वार्थ होता, आणि तो तिला कळतही होता.

त्या दिवशी सकाळी कॅम्पाला निघायची तयारी नेहमीसारखीच झाली. तिने गॅसची टाकी बंद केली, पाण्याची टाकी अर्धी रिकामी केली, ताटल्यांमध्ये फडकी घातली. मिस्त्री एकेका कपाटाची कडी बोटांनी चाचपत फिरले. ते काम डोळ्यांचं नव्हतंच, त्यामुळे ते खुशीत होते. शीळसुद्धा घालत होते.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल भरायला थांबले. आत शिरताना तिचं चालूच होतं, "पिवळा खांब कसा छान रंगवलाय, अगदी आपल्या बाजूला आलाय हो, अजून जवळ आला." खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या गाडीतला एक टगा हसून म्हणाला, "काका, या रेडिओला बटण नाही का?"

पंपावरची माणसं हसली. मिस्त्रीही मोठ्याने हसले. मग गाडी रस्त्याला लागली तशी त्यांच्या मानेवरची शीर तटतटली.

"आता वर पोचेपर्यंत एक शब्द नकोय मला," ते म्हणाले. "चारचौघांत शोभा करून ठेवलीस. मला दिसतंय."

"दिसतंय?"

"दिसतंय म्हटलं ना. ऊन स्वच्छ आहे. गप्प बस."

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. वर्षभर घसा कोरडा केला, त्याचं हे फळ! बरं, तर बसते गप्प. होऊ दे एकदा फजिती, घासू दे एखादा कठडा, मग कळेल बायको कशाला बोलते ते. असं ती मनातल्या मनात म्हणाली, अगदी याच शब्दांत, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

पण कठडा घासला नाही. मिस्त्रींनी पहिलं वळण नीट घेतलं, दुसरंही घेतलं. रस्त्याची कड त्यांना दिसत होती आणि त्या कडेच्या अंदाजाने ते गाडी नेत होते. सहा वळणं गेली. तिचा जीव हळूहळू भांड्यात पडला. खरंच दिसत असेल का यांना? आपणच उगीच वर्षभर कावकाव करतोय का? तिला थोडी लाजही वाटली आणि राग होता तसाच राहिला.

सातव्या वळणानंतर सरळ चढ होता. वर रस्त्याचं काम चाललं होतं. अर्धा रस्ता खणलेला, डांबराचा धूर, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्याच्या तोंडाशी एक बाई हातात थांबण्याची लाल पाटी धरून उभी. केशरी जाकीट, डोक्याला रुमाल. वयाने त्यांच्या मुलीएवढी असेल. मिस्त्रींच्या बायकोने तिला लांबूनच बघितलं. एवढं भडक केशरी तर आंधळ्यालाही दिसेल, असं तिला वाटलं. तोंड उघडलं, पण ते "मला दिसतंय" अजून कानात होतं. तिने ओठ मिटले. गाडीचा वेग कमी होईना. आता होईल. आता होईल.

झाला नाही. त्या बाईने पाटी हलवायला सुरुवात केली.

रस्त्यावरचं काही बोलायला आता वेळ नव्हता. ती किंचाळली, "अहो!"

आणि बायकोने हाक मारली म्हणून मिस्त्रींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

धडक बसली तेव्हा मागची सगळी कपाटं बंदच राहिली. कड्या पक्क्या होत्या. गाडी पुढे जाऊन मातीच्या ढिगात रुतली.

मिस्त्री स्टिअरिंग धरून तसेच बसले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मग बारीक आवाजात, "सांग ना. काय आहे मागे?"

तिने आरशात पाहिलं आणि सांगितलं, "बाई पडलीये रस्त्यावर. कामावरची माणसं धावलीत. एकाने तिचं डोकं मांडीवर घेतलंय."

"उठतेय का?"

"नाही."

"नीट बघ गं."

"बघतेय. नाही उठत."

ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. ती परत खाली निघाली तेव्हा भोंगा वाजत नव्हता, घाईही नव्हती. खणलेल्या खड्ड्याच्या काठावर सगळे मजूर उभे होते आणि कुणीच कामाला हात लावत नव्हतं. ती गाडीच्या पायरीवर बसली.

पोलीस तरुण होता, सभ्य होता. आधी मिस्त्रींशी बोलून मग तिच्यासमोर उकिडवा बसला. पलीकडे दगडावर बसलेल्या मिस्त्रींनी मान तिच्या दिशेला केली होती. ती काय सांगते त्याची वाट पाहत होते, रोजच्यासारखी.

"काकू, काका म्हणतात की ती बाई एकदम मध्ये आली. तसंच झालं का?"

हो म्हटलं असतं तर त्याने लिहून घेतलं असतं. म्हातारं जोडपं, चढाचा रस्ता, कुणाला काय शंका येणार होती?

"नाही," ती म्हणाली. "ती जागच्या जागी उभी होती. यांना दिसत नाही. वर्ष झालं. मी सांगत असते, तसं ते चालवतात."

दगडावरून मिस्त्रींचा हुंदका ऐकू आला. पोलिसाचं पेन थांबलं.

"आणि तुम्हाला? तुम्हाला ती दिसली होती?"

"हो. लांबूनच."

"मग सांगितलं का नाहीत?"

"रागावले होते मी," ती म्हणाली.