रिजेक्ट मालाचा किल्ला

चाकणच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तूंत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. हे काम कंपनीतच ठेवून घरी येईन तर शपथ. बायकोची पोळी मी उजेडात धरून बघतो. मुलगी चित्र काढून आणते, विचारते, "पप्पा, ओके?" आणि मी म्हणतो, "सूर्य छान आहे, पण गोल नाही." मग ती बिचारी परत जाऊन वाटीभोवती पेन्सिल फिरवते. याला मी संस्कार म्हणायचो.

तिच्या नवव्या वाढदिवसाला आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये फिशटँक आला. त्यात एकच मासा, निळा फायटर. जात फायटरची, पण दिवसभर फिल्टरमागे तोंड लपवून उभा. दुकानातले चाचा म्हणाले, "त्याला लपायला घर द्या, मग बघा कसा मिरवतो." त्यांच्याकडे घरं होती: गुलाबी प्लास्टिकचा राजवाडा, एक कवटी, तोंड उघडणारा शिंपला. मी राजवाड्याच्या जोडावरून बोट फिरवलं आणि तो परत ठेवला. "फिनिशिंग बघा जरा. मीच बनवतो घरी." चाचांनी नुसती दाण्याची पुडी बांधून दिली. असलं गिऱ्हाईक त्यांना आठवड्याला एखादं तरी भेटत असावं.

बायकोचं माहेर कुरुळीचं. तिची आई दर संक्रांतीला सुगडं पाठवते, आणि सण झाला की ती मातीची इवलीशी मडकी माळ्यावर जाऊन पडतात. बायकोने त्यातलं एक काढून आणलं. "अहो, हे आडवं ठेवा की. झालं घर."

मी सुगड टेबलावर फिरवून पाहिलं. डुगडुगलं. तोंड एकीकडे जाड, एकीकडे पातळ.

"चालणार नाही. नीट गोल नाहीये."

"माशाला काय लग्न करायचंय त्याच्याशी?"

सुगड परत माळ्यावर गेलं. आमच्या घरात हा विषय असा संपतो.

कंपनीत नापास मालाची एक लाल पेटी असते. तिच्यातले आठ ब्रॅकेट मी रीतसर गेटपास काढून घरी आणले. भोक अर्धा मिलीमीटर सरकलं म्हणून मीच नाकारलेले. गाडीला चालत नव्हते, पण मासा थोडाच त्यात बोल्ट घालणार होता! दोन रविवार मी कानस घेऊन बाल्कनीत बसलो. कडा घासल्या, सिलिकॉनने एकावर एक चिकटवले, दोन बुरूज काढले, दरवाजा काढला, वर जायला जिना केला. मासा जिना कशाला चढेल, असं बायकोने विचारलं. कलेतलं ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

ब्रॅकेटना झिंकचं प्लेटिंग होतं, त्यामुळे पाण्यात किल्ला चांदीसारखा लखलखायचा. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. समोरच्या फ्लॅटमधले म्हणाले, "राव, तुम्ही कंपनीत उगीच वाया चाललात." मला ते मनापासून पटलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "खूप चमकतोय." तेही मी कौतुकातच धरलं.

पहिले तीन दिवस मासा किल्ल्यात राहिला. चौथ्या दिवशी बाहेर आला आणि तळाला बसला. पंख मिटलेले, दाण्याकडे बघेना. मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढता टँकसमोर बसायची.

"पप्पा, तो मरणार आहे का?"

"जागा बदलली की होतं असं," मी म्हणालो. कस्टमरची तक्रार आली की कंपनीतही आम्ही साधारण असंच काहीतरी सांगतो.

दोन दिवसांनी मात्र चाचांकडे गेलो. आत काय ठेवलंय म्हणाले, तर मी ऐटीत फोनवर किल्ल्याचा फोटो दाखवला. त्यांनी बोटांनी तो मोठा केला. "साहेब, कोपऱ्यात हे पांढरं पांढरं काय आहे?"

आता ही पांढरी भुकटी मी ओळखू नये? प्लेटिंगचा माल मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचा आणि ही भुकटी किती तासांनी दिसते ते बघायचं, हीच तर माझी नोकरी. तिच्यापायी सप्लायरची शिकली-सवरलेली माणसं मी उभी करून झापली आहेत. तीच भुकटी या फोटोत होती, आणि हा फोटो मी हौसेने स्टेटसला ठेवला होता.

"झिंक पाण्यात उतरतं, साहेब. माशाला विष आहे ते," चाचा म्हणाले. "आजच काढा. रोज थोडं थोडं पाणी बदला. बाकी अल्लाची मर्जी."

दुकानाबाहेर मी गाडीवर तसाच बसून राहिलो. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

घरी येऊन किल्ला काढला आणि मुलीला खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती रडली नाही.

"हे कंपनीत तुम्हीच रिजेक्ट केलं होतं ना?"

"हो."

"मग माझ्या माशाला का दिलंत?"

अठरा वर्षांत ऑडिटला आलेल्या कुणी मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

पुढचे आठ दिवस पहिल्या शिफ्टची बस पकडण्याआधी मी टँकचं पाणी बदलत होतो. सहाव्या दिवशी माशाने एक दाणा खाल्ला. मी बायकोला हाक मारून तिला दाणा नसलेली जागा दाखवली.

रविवारी मुलीने स्टूल लावून माळ्यावरून तेच सुगड काढलं. मायलेकींनी आधीच ठरवलं असावं. दोघींनी ते उकळत्या पाण्यात भिजवलं, काथ्याने घासलं, तोंडाची कड पॉलिशपेपरने गुळगुळीत केली. मी मध्येमध्ये घुटमळत होतो. मला कुणी काही काम सांगितलं नाही. मुलीने बाह्या सरसावून सुगड टँकमध्ये आडवं ठेवलं. ते डुगडुगलं, तर तिने खाली दोन खडे सरकवले.

मी "पप्पा, ओके?" ची वाट बघत होतो. या वेळी मी लगेच हो म्हणणार होतो. ती विचारेना. शेवटी मीच म्हणालो, "मस्त झालंय गं. एकदम ओके."

"तुम्ही नका सांगू, पप्पा," ती काचेवरून नजर न हलवता म्हणाली. "तो सांगेल."

फायटर सुगडाच्या वाकड्या तोंडाशी आला, दोनदा थबकला आणि शेपटीसकट आत गेला. ती खुदकन हसली. माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.