रेवतीबरोबर अंबरनाथ ते चिखलोली

सांगलीहून निघालो तेव्हा पिशवीत दोन स्केचबुकं, सहा पेन्सिली आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या होत्या. मी शाळेत चित्रकला शिकवतो. २००६ च्या मे महिन्याच्या सुटीत अंबरनाथच्या शिवमंदिराची चित्रं काढायची, एवढाच बेत होता. माझा वर्गमित्र मिलिंद अंबरनाथ पश्चिमेला राहायचा, तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या खोलीवर पंधरा दिवस मुक्काम करणार होतो.

स्टेशनबाहेर पडलो तर हवेत कारखान्यांचा आंबूस, नाकाला झोंबणारा वास. "दोन दिवसांत सवय होते मास्तर," मिलिंद म्हणाला. "पण दुपारी तीन तास लाइट जाते ना, त्याची नाय होत."

सोमवारी सकाळी मंदिर गाठलं. काळ्या दगडाचं, ओढ्याच्या काठी, जरा खोलगट जागेत. बाहेरच्या भिंतींवर तळहात टेकवायला मोकळी जागा नाही, इतकी शिल्पं. गाभारा वीसेक पायऱ्या खाली, तिथं मात्र मे महिन्यातही गार. मी बाहेर सावलीला बसून चित्र काढत होतो. एका खांबाआड फिकट निळ्या साडीतली एक बाई उभी होती, साधारण माझ्याच वयाची. इतकी निश्चल होती, की दगडांबरोबर मी तिलाही चित्रात काढलं. ती देवाकडे बघत नव्हती. दर्शनाला येणाऱ्यांचे चेहरे बघत होती. तासाभरानं ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"ते पान द्या."

"कुठलं?"

"मी आहे ते."

मी पान फाडून दिलं. तिनं चार घड्या घालून ते पर्समध्ये ठेवलं. "चित्र चांगलं होतं," ती म्हणाली. "पण मी इथं आहे हे कुणाला कळून चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती ताडगोळे घेऊन आली. कालचं मनावर घेऊ नका म्हणाली. नाव रेवती, गाव नाशिक, इथं मिलिंदच्या खोलीजवळच एका मैत्रिणीकडे उतरलेली. याउपर काही नाही. मीही विचारलं नाही, पण त्यानंतर रोज मंदिरात पोचलो की आधी तो खांब बघायचो.

शुक्रवारी ती म्हणाली, "उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जायचंय. येता?" तिथं एका गल्लीत कपड्यांची दुकानं एकाला एक चिकटलेली. तिला लहान मुलीचा फ्रॉक हवा होता. सिंधी दुकानदारानं विचारलं, "बेबी कितने साल की है, दीदी?"

"पाच," ती म्हणाली. मग, "नाही, सहा." तिनं हात कमरेजवळ धरला, जरा वर नेला, पुन्हा खाली आणला. शेवटी मोठा फ्रॉक घेतला.

"कुणासाठी?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"भाचीसाठी."

तेवढ्यात गल्लीत एक पांढरी जीप वळली. रेवतीनं पदर तोंडावर ओढला, माझं मनगट पकडलं आणि मला ओढतच पलीकडच्या दुकानात, कापडाच्या ठाणांमागे नेलं. जीप कुणा व्यापाऱ्याची होती, माल उतरवून गेली. माझ्या मनगटावर तिची नखं उमटली होती. नंतर आम्ही एका गाडीवर दाल-पकवान (कुरकुरीत मैद्याची पुरी आणि घट्ट चणाडाळ) खाल्लं. रस्ता दोन्हीकडे दिसेल अशी भिंतीला पाठ लावून ती खात होती.

रविवारी बदलापूरला गेलो. उल्हास नदी आटून खडकांमधल्या डोहांपुरती उरली होती, डोहात म्हशी. काठावर एक कातकरीण पानाच्या द्रोणात जांभळं विकत होती. खाऊन दोघांच्याही जिभा जांभळ्या झाल्या, आणि रेवती पहिल्यांदा हसली. मग एकदम थांबली.

"तुम्ही मला काहीच विचारत नाही."

"विचारलं तर सांगाल?"

"थोडे दिवस जाऊ द्या. मग सगळं सांगते." तिनं हात माझ्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी एकोणतीस वर्षांचा होतो. तोवर असा हात कुणी ठेवला नव्हता.

संध्याकाळी मिलिंद वाटच बघत होता. "मास्तर, राग मानू नको. ती बाई रेवती नाय. कोपऱ्यावरचा फोनवाला तिला शैला बोलतो. रोज तिथून नाशिकला फोन लावते, शैला बोलतेय म्हणून सांगते. दोन नावांची बाई, तोंड लपवत फिरते. तू आपला सुटीला आलायस."

त्यानंतर मला कॅम्प एकमधलं तिचं "पाच, नाही, सहा" पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं.

सोमवारी मंदिरात एक नऊवारीतली म्हातारी दर्शनाला आली. रेवती खांबाआड सरकली. म्हातारी रिक्षात बसली, तशी हीसुद्धा मागच्या रिक्षात बसून गेली. दुपारी परत आली ती धापा टाकत. "घर सापडलं. इथून जवळच, चिखलोलीत, नव्या इमारतीत. उद्या पाचला माझ्याबरोबर याल? खाली एक मुलगी खेळत असेल. तुम्ही म्हातारीला खोली भाड्यानं आहे का विचारा, दहा मिनिटं बोलण्यात गुंतवा."

"आणि तुम्ही?"

"मी मुलीला बघेन."

"फक्त बघणार?"

"मी तिला पळवीन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. "येतो."

मंगळवारी सकाळीच मी एकटा चिखलोलीला गेलो. भाताची मोकळी शेतं, मध्येच उभ्या राहिलेल्या तीन-चार इमारती, एक पाण्याचा टँकर. पायरीवर कालचीच म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. पुढ्यात एक मुलगी फरशीवर खडूनं घर काढत होती. तिची हनुवटी रेवतीची होती. चेहरे बघणं हे माझं काम आहे. मला त्याच क्षणी कळलं. तिथूनच वळायला हवं होतं.

"खोली नाय हिकडं," म्हातारी म्हणाली. तरी तिनं पाणी दिलं.

"नात का?"

"हां."

"आई कामाला जाते?"

"आई नाय तिला."

"मग शैला कोण?"

तोंडून गेलं. म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "तुला कुनी धाडला?" मी काही बोलायच्या आत तिनं मुलीला दंडाला धरून आत ओढलं. कडी लागली. आतून मुलीचा आवाज येत होता, "आजी, माझा खडू..."

पाचला मी रेवतीबरोबर पुन्हा तिथं गेलो. सकाळचं तिला सांगितलं नाही. दाराला कुलूप होतं. "दोपहर को गाडी आयी, सामान लेके सब निकल गये," वॉचमन म्हणाला.

रेवतीनं कुलूप ओढून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही आला होतात?"

खोटं बोलता आलं असतं. "सकाळी," मी म्हणालो. "शैला कोण, विचारलं."

ती पायरीवर बसली. "लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव आहे ते. कोर्टाच्या कागदावर तेच आहे, वकिलाला फोन केला की तेच सांगावं लागतं." दीड वर्षापूर्वी नवरा मुलीला पांढऱ्या जीपमध्ये घालून निघून गेला होता. ताब्याची केस चालू होती, पण हे लोक घर बदलायचे आणि नोटीस परत यायची. वकिलानं सांगितलं होतं, पक्का पत्ता आणा. सासू या देवळात येते असं कानावर आलं होतं, म्हणून ती खांबाआड उभी राहायची. "तेवढाच हवा होता. आणि तिला एकदा बघायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढं ती अजून साडेचार वर्षांचीच आहे."

माझ्या आईला माहेरी कुसुम म्हणतात, सासरी सुमन. बायकांना दोन नावं असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही.

ती एकटीच निघून गेली. मी मात्र वॉचमनजवळ बसून राहिलो. आधी तो हाकलत होता. अंधार पडायच्या सुमाराला त्याला माझी कीव आली असावी. गाडीवाला फोनवर मुरबाडच्या पुढच्या एका गावाचं नाव घेत होता, ते त्यानं सांगितलं.

सकाळी तिच्या मैत्रिणीच्या दारात जाऊन ते नाव दिलं. रेवतीनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि तशीच निघाली. मी फ्रॉकची पिशवी घेऊन बदलापूरपर्यंत बरोबर गेलो, तिथं मुरबाडची एसटी लागली होती. पिशवी मी तिच्या हातात दिली.

"मी येऊ?"

"नको." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही असलात तर मला तुमच्यावरही नजर ठेवावी लागेल."

एसटी गेली. मी आणखी दोन दिवस मंदिरात बसलो, पण रेषा नीट पडेना. मिलिंद म्हणाला, जा घरी.

रेवतीला मुलगी मिळाली का, मला कधीच कळलं नाही. तिनं माझा पत्ता मागितला नव्हता.

सांगलीत आईनं दोन्ही स्केचबुकं शांतपणे चाळली. देऊळ आवडलं तिला. माणसं कोण भेटली म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं तुला संध्याकाळी बोलावलं होतं ना रे? मग सकाळी का गेलास?"

माझा रेवतीवर विश्वास नव्हता, हे म्हणायला त्या दिवशी जीभ वळली नाही. आज लिहितो आहे.