स्टेपनीची आठवी

बँडमधले सगळे त्याला स्टेपनी म्हणत. गाडी नीट चालत असते तोवर स्टेपनीची कुणाला आठवणही होत नाही, आणि चाक बसलं की मात्र आधी डिकी उघडली जाते. हे नाव पडलं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यांदा तोच हसला होता. पुढे ते नाव धुऊन आटलेल्या सदऱ्यासारखं अंगाला घट्ट बसलं, आणि आता काढायचं कसं ते त्याला कळेना.

दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायचा. खोलीला खिडकी नव्हती. यंत्र एकाच सुरात घुमत राहायचं आणि तो त्याच्या वरचा सूर धरून गुणगुणत काचा फ्रेमच्या मापात उतरवायचा. काउंटरवरचं कुणी रजेवर असलं की मालक पडदा बाजूला सारून म्हणायचे, "जरा पुढे येतोस का रे?" तो ॲप्रन काढून पुढे जायचा. नाही म्हटल्याचं त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं.

घरी दोन खोल्या आणि त्यात सहा वाद्यं. पलंगाखाली ट्रॉम्बोन. कपाटावर सॅक्सोफोन, त्याच्या पेटीवर बायकोच्या लोकरीच्या पिशव्या. कीबोर्डच्या स्टँडवर पावसाळ्यात कपडे वाळत. युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं पितळेचं थोरलं धूड. ते दाराआड उभं असायचं, आणि दार जोरात उघडणाऱ्या प्रत्येकाला ते घणघणून आपली ओळख करून द्यायचं. ड्रमच्या काठ्या चमच्यांच्या खणात होत्या. क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी, भिजवायला तो एक पेला ठेवत असे. नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर एकदा ते पाणी गटागटा प्यायला आणि वर म्हणाला, "वहिनी, पाण्याला जरा लाकडाचा वास येतोय. टाकी बघून घ्या." तेव्हापासून बायकोने त्या पेल्याला लाल रंगाचा ठिपका लावून ठेवला होता.

सहातली त्याची स्वतःची अशी एकच, क्लॅरिनेट. मामाने दिलेली. मामा गेला तेव्हा ती काळी पेटी काखोटीला मारून तो पायी घरी आला होता. ती वाजवायची म्हणून तो बँडमध्ये गेला. हौशी लोकांचा बँड. दातांची डॉक्टरीण बासरी वाजवायची, पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर हातात छडी घेऊन पुढे उभे राहायचे. दर रविवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत, चटयांच्या कुबट वासात सराव चाले. तो गेला आणि सहाच महिन्यांत ट्रॉम्बोनवाल्याची बदली झाली. मास्तर म्हणाले, "तात्पुरतं शिकून घेशील? तुझं कान-डोकं तल्लख आहे." तो शिकला. मग ड्रमवाल्याचं लग्न झालं, मग सॅक्सोफोनवालीला बाळ झालं. तो प्रत्येकाच्या जागी तात्पुरता बसत गेला. वाद्यांच्या परीक्षा पहिलीपासून आठवीपर्यंत असतात. आठवी पास झाला की माणूस खरा वादक. तो चार वाद्यांत पाचवी पास होता. सहावीचा अभ्यास सुरू करावा तो बँडमध्ये आणखी कुणाचं तरी लग्न व्हायचं.

क्लॅरिनेटची सहावी आणि सातवी मात्र त्याने चिकाटीने, रडतखडत काढली. आठवी राहिली होती.

तेवढ्यात बँडमधल्या पहिल्या क्लॅरिनेटच्या बाईंना कवळी बसली. जुन्याजाणत्या सुईण होत्या त्या. एका रविवारी क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवून त्या म्हणाल्या, "बाळांनो, वरचे दातच माझे नाहीत, तर वाद्य कुणाच्या भरवशावर धरू?" सगळे हसले, आणि मग कळलं की त्या खरंच सोडतायत.

सराव संपल्यावर मास्तरांनी त्याला खुर्च्या रचता रचता बाजूला घेतलं.

"बाईंची खुर्ची रिकामी होतेय. आठवी पास झालेल्यालाच मिळते ती, बँडचा जुनाच नियम आहे. तू पास हो, खुर्ची तुझी."

"आणि मग मास्तर, कुणी आलं नाही तर..."

"अरे, पहिल्या क्लॅरिनेटला कोण उठवतो? चाल त्याच्याकडे असते. ती खुर्ची रिकामी ठेवून बँड वाजेल का? तुला कुणी हलवणार नाही. मी शब्द देतो."

तुला कुणी हलवणार नाही. हे वाक्य तो घरापर्यंत मनात घोळवत आला.

आठवीच्या परीक्षेला पियानोची साथ लागते. ती करायला बायकोची धाकटी बहीण तयार झाली. मुलांना पियानो शिकवायची, त्यामुळे तिच्या बोलण्यात कायम शाळेची घंटा असायची. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ती येई, कीबोर्डवरचे कपडे उचलून बहिणीच्या अंगावर टाकी आणि म्हणे, "चला भाऊजी, लाजू नका. फुंका."

तो वाजवू लागला की बायको भाजी चिरायची थांबे. इतकी वर्षं ऐकून तिलाही कळत होतं. इतर वाद्यं तो नीट वाजवायचा, निगुतीने, दुसऱ्याच्या घरात पाहुणा वावरतो तसा. क्लॅरिनेट हातात आली की मात्र तो आपल्या घरात पाय पसरून बसल्यासारखा वाटे.

"ह्या वर्षी होणार हं," मेव्हणी म्हणाली. "फक्त आता मध्येच कुठे उलथू नका."

आणि परीक्षा महिन्यावर आलेली असताना मास्तर घरी आले. दार उघडताना युफोनियम घणघणलं, तेव्हा मास्तर दचकले नाहीत, उलट त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिले. तिथेच बायकोने ओळखलं.

"युफोनियमवाल्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं रे," मास्तर बसत म्हणाले. "फुंकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सक्त सांगितलंय. बागेतला कार्यक्रम तर तोंडावर आलाय. मला ठाऊक आहे तुझी परीक्षा आहे. म्हणून मी आग्रह करणार नाही."

ते खरंच आग्रह करत नव्हते. नुसते बसून राहिले. चहा आला, चहा संपला. रिकामी बशी ते बोटाने गोल गोल फिरवत होते. असा माणूस समोर बसला की आपल्या छातीवर कुणी तरी हळूहळू वजन ठेवत नेतंय असं त्याला व्हायचं. नाही म्हणायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि त्याच तोंडातून निघालं, "बघतो मास्तर. करू काही तरी."

मास्तर जिना उतरून गेले तशी बायको म्हणाली, "अहो, नाही म्हणायची काही परीक्षा असते का? असली तर ती द्या आधी. पहिलीपासून बसा."

"एवढा एकच कार्यक्रम आहे गं."

"ट्रॉम्बोनपण एवढा एकच होता. पलंगाखाली आहे अजून. रोज झाडू अडकतो माझा."

पुढचे दिवस तो कामावरून येऊन आधी युफोनियम फुंकायचा आणि मग थकलेल्या ओठांनी क्लॅरिनेट. बागेतला कार्यक्रम छान झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी पाठीवर थाप मारली. आपल्याला काय येतंय हे तिथे कुणालाच माहीत नाही, असं वाटून त्याला त्या उघड्या बागेतही कोंडल्यासारखं झालं.

परीक्षेच्या दिवशी बायकोने त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि लाल ठिपक्याचा पेला फडक्यात गुंडाळून बरोबर दिला. संगीत विद्यालयाच्या लांब बोळात दोन बाकं होती. बाकावर सगळी शाळकरी पोरं आणि त्यांच्या आया. एका आईने त्याला विचारलं, "तुमच्या मुलाचं काय आहे?"

"क्लॅरिनेट," तो म्हणाला. आणखी सांगायचा धीर झाला नाही. त्याचा पुकारा झाला आणि तो स्वतःच उठला, तेव्हा बिचारीने जीभ चावली.

परीक्षक किडकिडीत आणि थंड हातांचे गृहस्थ होते, पण बोलायला मऊ. सगळे सूर-सप्तक त्याने पाठ म्हणून दाखवल्यासारखे वाजवले. परीक्षकांनी पियानोवर ऐकवलेली ओळ लगेच गाऊन दाखवली. न पाहिलेला कागद पुढे आला, तर तो इतका सहज वाजवला की परीक्षकांनी चष्मा वर केला. दुसऱ्यांच्या जागी बसून बसून ही एक गोष्ट त्याला पक्की जमली होती. पहिल्या दोन रचनाही नीट पार पडल्या. राहिली शेवटची, त्याची लाडकी, मामाही वाजवायचा ती.

मेव्हणीने आदल्या दिवशी पानं उलटायला नकोत म्हणून तिच्या पियानो-साथीचे कागद चिकटपट्टीने एकमेकांना जोडून लांब पट्टा केला होता. रचना अर्ध्यावर आली आणि चिकटपट्टीचं एक सुटलेलं टोक शेजारच्या पानाला चिकटलं. तिने ओढलं, तर तीन पानं एकदम वर आली. पियानो थांबला.

चाल चालू होती, पण खाली जमीन नव्हती. पियानोच्या डाव्या हातात तिथे एक खालच्या सुरांची पायरी होती, तिच्यावरच सगळा डोलारा उभा. ती नाहीशी झाल्याबरोबर त्याच्या बोटांनी कुणालाही न विचारता वरची चाल सोडली आणि क्लॅरिनेटच्या तळातल्या गडद सुरांत ती पायरी बांधायला घेतली. एकही सूर इकडचा तिकडे नाही. मेव्हणीला पान सापडलं, पियानो परत आला, आणि तोही हळूच वर जाऊन चालीत मिसळला. शेवटचा सूर त्याने मेणबत्ती विझावी तसा विझवला.

बाहेर आल्यावर त्याचा चेहरा उजळला होता. "कसं सावरलं? कुणाला पत्ता तरी लागला का?"

मेव्हणी बाकावर बसली होती, मांडीवर चिकटपट्टीचा बोळा. ती नेहमीच्या आवाजात बोललीच नाही.

"भाऊजी, माझं तुम्ही वाजवलंत. तुमचं कोण वाजवत होतं?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या साऱ्या वेळात चाल कुठेच नव्हती. परीक्षा चालीची होती.

"तुम्ही आपलं पुढे जायचं होतं," ती म्हणाली. "मी पडले तर पडले. मला कोण मार्क देणार होतं?"

"खालची जागा मोकळी पडली होती गं," तो एवढंच म्हणाला.

निकालही तिनेच आणला. दारात युफोनियम घणघणलं आणि ती ओरडली, "हे धूड आधी जिन्यात ठेवा!" तेव्हाच बायको समजली. थोडक्यात गेली होती, अगदी त्या एका रचनेपायी. मेव्हणीने आधी चिकटपट्टी करणाऱ्या कंपनीचा उद्धार केला, मग परीक्षकांचा, मग स्वतःचा, आणि शेवटी रडायला लागली. तोच तिची समजूत घालत बसला. तेही काम त्याच्याकडेच आलं.

पहिली खुर्ची बँकेत नव्याने लागलेल्या एका मुलीला मिळाली. आठवी पास होती. वाजवायचीही फार गोड. तिला नावं ठेवता आली असती तर त्याला जरा बरं वाटलं असतं. मास्तर त्याला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि मग लगेच, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही बघ." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच मायेने म्हटली.

त्या रविवारी युफोनियमवाला बरा होऊन परतला होता. सगळ्या जागा भरलेल्या. त्यामुळे तो क्लॅरिनेटच्या मागच्या ओळीत, भिंतीकडे, मामाची क्लॅरिनेट घेऊन बसला. रीड ओली केली. इतक्यात निरोप आला, मोठ्या ड्रमवाल्याचे सासरे आजारी, तो येत नाही.

सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तरांनी छडी खाली केली आणि त्याच्याकडे पाहिलं, आग्रह न करता.

छातीवरचं ते वजन आलं. त्याने क्लॅरिनेट घट्ट धरली.

"नाही मास्तर," तो म्हणाला. "आज मी इथेच."

डॉक्टरणीच्या हातातली बासरी निसटता निसटता राहिली. मास्तरांनी छडी पुन्हा उचलली आणि म्हणाले, "बरं. बिनड्रमचं वाजवू."

मार्चची धून सुरू झाली. तो वाजवत होता, मागच्या ओळीतून का होईना, आपली ओळ, आपल्या वाद्यावर. कान तापले होते. एवढं सोपं होतं तर, असं त्याला वाटत होतं. मग ती जागा आली, जिथे सगळी वाद्यं श्वास घेतात आणि ड्रमचा एक ठोका पडतो. तिथे काहीच नव्हतं. नुसतं भोक. आणि व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर दणकन एक ठोका पडला.

त्याचाच पाय होता तो. बूट आपटला होता. बँकेतल्या मुलीने चमकून मागे पाहिलं. तो बोटं न थांबवता वाजवत राहिला आणि पायाला मनात दटावलं. पण पुढची जागा आली, आणि पाय पुन्हा पडला, तितकाच नेमका. तिसऱ्या वेळी त्याने वर पाहिलं तर मास्तरांची छडी ठोक्याच्या आधी वळून थेट त्याच्या बुटाला इशारा करत होती. मास्तर हसत होते. सगळा बँड हसत, फुंकत पुढे चालला होता.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं. तिच्या नेहमीच्या प्रश्नात आज थोडी भीती होती.

"आज कुणाच्या जागी?"

"माझ्याच," तो म्हणाला, आणि पेटी पलंगावर ठेवून बूट काढायला वाकला.

बायकोने एक बूट उचलला, उलटा केला, आणि उजेडात धरला.

"मग ह्याची टाच कशी निघाली?"